विश्लेषण : चारचौघांत बावरणारा ‘चिमणराव’ एका पाली पंडिताने कसा घडवला?

चारचौघांत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते? पाहुण्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही? असाच एक माणूस मराठीत ९० हून अधिक वर्षांपूर्वी अवतरला : चिमणराव. त्याचे जनक होते चिं. वि. जोशी.

चिं. वि. जोशी कोण होते?

चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. फर्ग्युसन कॉलेजात धर्मानंद कोसंबी यांच्याकडे ते पाली शिकले आणि पुढे बडोदा कॉलेजात पाली शिकवू लागले. बडोदा संस्थानाच्या दफ्तरखात्यातही त्यांनी काम केले. १९३३ मध्ये त्यांनी संपादित केलेल्या ‘सद्धम्मप्पकासिनी’ या बौद्ध टीकाग्रंथाचा पहिला भाग लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने छापला. त्याच वर्षी आले ‘चिमणरावाचे चऱ्हाट’.

चिमणरावाचं वेगळेपण काय?

चिमणराव हा पुण्यातला साधा कारकून. बायको काऊ, मुलं मोरू आणि मैना, सोबतीला धिप्पाड गुंड्याभाऊ. लग्न जमवणं असो वा पाहुणचार, भिडेपोटी तो हो म्हणतो, गुंड्याभाऊ मदतीला धावतो आणि घोळ वाढतो. ही फजिती चिमणराव स्वतःच सांगतो.

त्याआधी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदात कोट्यांची आतषबाजी आणि रूढींवर हल्ला होता. जोशींनी साध्या भाषेत रोजचे प्रसंग मांडले. पंडित असूनही त्यांनी कथेत पांडित्य मिरवलं नाही. महत्त्वाचं म्हणजे, चिमणरावाला त्यांनी शूर करून ‘सुधारलं’ नाही. तो भित्राच राहिला, तरी त्याचा संसार चालला. त्यामुळे त्याला हसताना वाचकाला स्वतःचीही लाज थोडी कमी वाटते.

पुढे काय झालं?

मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावं करून’ (१९४०) या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी जोशींचं निधन झालं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घराघरांत पोहोचवली. ते यश पाहायला जोशी नव्हते. त्यांचं पाली संशोधन आज अभ्यासकांपुरतं उरलं आहे. बावरलेला चिमणराव मात्र प्रत्येक लग्नकार्यात, हातात ताट घेऊन कोणाशी बोलावं या विचारात, कोपऱ्यात उभा दिसतो.