सांतियागो रामोन इ काहाल : मेंदूच्या सर्किटचा पहिला ड्राफ्ट्समन

मित्रांनो, फर्स्ट इयरला इंजिनियरिंग ड्रॉइंगच्या शीट्सनी आपल्या सगळ्यांचीच झोप उडवली आहे. पण जगात एक माणूस असा होऊन गेला, की ज्याने मेंदूच्या वायरिंगची हजारो ड्रॉइंग्ज स्वतःच्या हाताने काढली आणि त्याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळवले. त्याचं नाव सांतियागो रामोन इ काहाल. स्पॅनिशमध्ये 'इ' म्हणजे 'आणि'. रामोन हे वडिलांचं आडनाव, काहाल हे आईचं. न्यूरल नेटवर्क हा शब्द आज आपल्या तोंडी सर्रास असतो. पण त्यातला न्यूरॉन ही एक सुटी, स्वतंत्र पेशी आहे हे सर्वांत भक्कमपणे दाखवून दिलं ते काहाल यांनी.

सांतियागोचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या डोंगरातल्या लहानशा गावात झाला. वडील सर्जन आणि स्वभावाने एकदम कडक. मुलाने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, तर मुलाला व्हायचं होतं चित्रकार. मग काय, घरात रोजची भांडणं! शाळेत घोकंपट्टी जमत नसे आणि खोड्या मात्र भरपूर. साधारण अकरा वर्षांचा असताना त्याने लाकडी ओंडका पोखरून चक्क तोफ बनवली आणि शेजाऱ्याचं फाटक उडवून दिलं. त्याबद्दल तो काही दिवस कोठडीत होता. वैतागून वडिलांनी त्याला आधी न्हाव्याच्या दुकानात आणि मग बूट शिवणाऱ्याकडे कामाला ठेवलं.

वळण आलं ते १८६८ च्या उन्हाळ्यात. वडिलांनी सोळा वर्षांच्या सांतियागोला एका जुन्या कब्रस्तानात नेलं, तिथली हाडं गोळा केली आणि त्याला शरीरशास्त्र शिकवायला सुरुवात केली. पाठांतराचा कंटाळा असलेला हा मुलगा हाडांची चित्रं काढता काढता त्यात रमून गेला. वडिलांचा विषय आणि मुलाचा हात, दोन्ही एकाच कागदावर आले.

१८७३ मध्ये त्याने सारागोसा येथून मेडिकलची पदवी घेतली. कॉलेजच्या दिवसांत त्याला व्यायामाचंही वेड लागलं होतं आणि त्याने पैलवानासारखं शरीर कमावलं होतं. पण १८७४ मध्ये सैन्यातला डॉक्टर म्हणून क्युबाला जावं लागलं आणि तिथल्या मलेरिया व हगवणीने ते शरीर पार खंगून गेलं. १८७५ मध्ये काहाल परत आले ते अर्धमेले होऊन. सैन्यातल्या पगारातून जे पैसे उरले त्यातून त्यांनी मायक्रोस्कोप विकत घेतला. पुढे क्षयाने गाठलं, त्यातूनही ते वाचले. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी लग्न झालं. १८८५ मध्ये व्हॅलेन्सियात कॉलऱ्याची साथ आली असताना त्यांनी केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्यांना झाइस कंपनीचा नवा मायक्रोस्कोप भेट दिला. आता त्यांच्याकडे युरोपातल्या मोठ्या लॅबच्या तोडीचं यंत्र होतं.

पण यंत्र असून पाहायचं कसं, हा खरा प्रॉब्लेम होता. मेंदूचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर सगळ्या धाग्यांचा नुसता गुंता दिसायचा. इटलीच्या कॅमिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये यावर उपाय शोधला होता. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरलं की शेकडो पेशींपैकी मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण त्या संपूर्ण दिसतात, अगदी पिवळ्या कागदावर शाईने काढल्यासारख्या. १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमारो या डॉक्टरांकडे काहालनी अशी स्लाइड पाहिली आणि ते वेडेच झाले. त्याच काळात त्यांना बुद्धिबळाचं व्यसन लागलं होतं. तेही त्यांनी ठरवून सोडलं आणि सगळा वेळ स्लाइड्सना दिला.

गॉल्जींची पद्धत लहरी होती. कधी रंग चढे, कधी नाही. मोठ्या वयात मज्जातंतूंवर चरबीसारखं आवरण चढतं आणि मग रंग नीट लागत नाही. काहालनी विचार केला की आवरण चढायच्या आधीच पाहिलं तर? म्हणून त्यांनी भ्रूण, कोंबडीची पिल्लं, नुकतीच जन्मलेली उंदरांची आणि सशांची पिल्लं घेतली. वय कमी, गुंता कमी, चित्र स्वच्छ. आणि एकाच जातीच्या पेशीची वेगवेगळ्या वयांची चित्रं शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांना दिसलं, की मेंदूचं सर्किट तयार होऊन येत नाही. ते वयाबरोबर घडत जातं. धागे वाढतात, फांद्या फुटतात आणि त्यातल्या काही पुढे नाहीशाही होतात.

यातून मोठा वाद उभा राहिला. गॉल्जींचं म्हणणं होतं की मेंदू म्हणजे एक अखंड जाळं आहे. म्हणजे आपल्या भाषेत, सगळ्या वायरी एकमेकींना सोल्डर केलेल्या. काहाल म्हणत होते की नाही, प्रत्येक पेशी सुटी आहे आणि ती दुसरीला फक्त टेकते. हा फरक किरकोळ नाही. सगळं सोल्डर केलेलं असेल तर सर्किट बदलायचं कसं? पण नुसता कॉन्टॅक्ट असेल तर तो जोडता येतो आणि तोडताही येतो. शिकणं आणि विसरणं यांना जागा मिळते ती इथे.

स्पॅनिश भाषेतलं संशोधन बाहेर कोणी वाचत नव्हतं. म्हणून मे १८८८ मध्ये काहालनी स्वखर्चाने स्वतःचंच त्रैमासिक काढलं, फक्त ६० प्रती, आणि त्या परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. तरी कोणी दखल घेईना. शेवटी १८८९ मध्ये ते स्लाइड्स घेऊन बर्लिनच्या परिषदेत गेले आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून दाखवू लागले. कोलिकर या वयोवृद्ध स्विस शास्त्रज्ञाने स्लाइड्स पाहिल्या आणि तो काहालच्या बाजूचा झाला. १८९१ मध्ये वाल्डेयरने या सुट्या पेशीला न्यूरॉन हे नाव दिलं. १९०६ चं नोबेल गॉल्जी आणि काहाल यांना विभागून मिळालं. गंमत म्हणजे गॉल्जींनी नोबेलच्या व्याख्यानातही न्यूरॉनच्या कल्पनेला विरोधच केला, आणि दुसऱ्या दिवशी काहालनी शांतपणे आपले पुरावे मांडले.

काहालच्या विचारात एक ओढाताण मात्र शेवटपर्यंत राहिली. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी मांडलं होतं, की मेंदूला सराव दिला तर पेशींमधले संपर्क वाढू शकतात. पण १९१३-१४ च्या ग्रंथात तुटलेल्या मज्जातंतूंचा अभ्यास करून ते निराश झालेले दिसतात. मोठ्या वयात मेंदूचे मार्ग पक्के होतात आणि नवे उगवत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो बदलण्याची जबाबदारी पुढच्या पिढीच्या शास्त्रज्ञांवर सोडली. ऐंशीव्या वर्षी जग कसं दिसतं यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये त्यांचं निधन झालं.

पुढे १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दोन पेशींमधली सुमारे २० नॅनोमीटरची फट दाखवली आणि काहाल बरोबर ठरले. मग पुन्हा उंदीर मदतीला आले. न्यूरॉनच्या फांद्यांवर बारीक काटे असतात. तेही काहालनीच १८८८ मध्ये प्रथम दाखवले होते आणि तेव्हा अनेकांना तो रंगाचा दोष वाटला होता. याच काट्यांवर संपर्क होतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी जिवंत उंदराच्या मेंदूतला तोच काटा दिवसेंदिवस पाहिला. वेन-बियाओ गान यांच्या गटाला दिसलं, की महिन्याच्या उंदरात पुढच्या एका महिन्यात सुमारे ७३ टक्के काटे टिकले, आणि बदल झाले ते मुख्यतः काटे गळण्याचे. चार महिन्यांच्या उंदरात मात्र ९६ टक्के टिकले. कारेल स्वोबोदा यांच्या गटाने मेंदूचा दुसरा भाग वेगळ्या पद्धतीने पाहिला, तर निम्मेच काटे महिनाभर टिकले. म्हणजे मोठेपणी बदल नेमका किती, यावर वाद झाला, पण बदल अजिबात होत नाही असं कोणालाच म्हणता आलं नाही. आणि २०१३ मध्ये म्हाताऱ्या उंदरांत दिसलं, की काटे कमी झालेले नाहीत, ते कमी टिकाऊ झाले आहेत.

हे वाचताना मला आमच्या पांढरकवड्याकडची पऱ्हाटी आठवते. सरकी स्वस्त होती तेव्हा एका जागी दोन-तीन दाणे टोबायचे आणि रोपं वर आली की विरळणी करायची. चांगलं एक ठेवायचं, बाकीची उपटायची. नवख्याला वाटतं की हे काय, उगवलेलं पीक कोणी उपटतं का? पण विरळणी केली नाही तर एकाही झाडाला धड बोंडं धरत नाहीत. मेंदू अगदी तेच करतो. लहानपणी भरमसाट संपर्क तयार करतो, मग वापरातले ठेवतो आणि बाकीचे पुष्कळसे काढून टाकतो. फरक इतकाच की इथे कोणतं रोप ठेवायचं हे बरंचसं आपल्या वापरावर ठरतं.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. माणसाच्या मेंदूच्या कपाळामागच्या भागात, जिथे प्लॅनिंग आणि निर्णय होतात, तिथे ही विरळणी वयाच्या तिसऱ्या दशकातही चालू असते असं २०११ च्या अभ्यासात आढळलं आहे. म्हणजे होस्टेलमधल्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ती आत्ता चालू आहे. एखाद्या सबमिशनने किंवा एका एटीकेटीने त्याचा निकाल लागत नाही. आपण रोज काय करतो त्याने लागतो. न्हाव्याच्या दुकानातून सुटलेला पोरगा रोज चित्र काढत राहिला. आपण रोज काय काढतो, ते आपणच पाहायचं आहे.