कर्करोग-संशोधक डॉ. पेटन राउस

विषाणूमुळेही कर्करोग होऊ शकतो, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. परंतु ती सिद्ध करणाऱ्या डॉ. पेटन राउस यांना नोबेल पारितोषिकासाठी ५५ वर्षे वाट पाहावी लागली.

राउस यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८७९ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. आईचे नातलग टेक्सस प्रांतात होते. पण मुलांच्या शिक्षणाची सोय बाल्टिमोरलाच चांगली, म्हणून ती माउली तेथेच राहिली. जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यक शिकत असताना शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला इजा होऊन राउस यांना क्षयाची बाधा झाली. एक वर्ष वाया गेले. तरी १९०५ साली ते डॉक्टर झालेच.

१९०९ साली ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले. तेथे छातीवर गाठ असलेली एक कोंबडी त्यांच्याकडे आली. त्यांनी ती गाठ वाटून तिचा अर्क अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. त्यात पेशी वा जंतू उरणे शक्य नव्हते. तरीही तो टोचलेल्या निरोगी कोंबड्यांना तशाच गाठी झाल्या! हा निष्कर्ष १९११ साली प्रसिद्ध झाला, पण विद्वानांनी तो मानला नाही.

राउस खचले नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रक्त टिकविण्याची पद्धत शोधण्यास हातभार लावला. पुढे १९३० नंतर सशांवर प्रयोग करताना त्यांना दिसले की, बिघडलेली पेशी दीर्घकाळ निद्रिस्त राहते आणि पुन्हा इजा झाली की तिची गाठ बनते. १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १६ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

हा विषय आपल्या घरापासून दूर नाही. काविळीच्या एका प्रकारास कारणीभूत असलेला हिपॅटायटिस-बी विषाणू यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम करतो. तेथील पेशी मरतात, नव्या तयार होतात. विषाणूचा अंश पेशींच्या गुणसूत्रांत शिरतो. यकृत निबर होते आणि काहींना शेवटी कर्करोग होतो. १९८१ साली तैवानमधील २२,७०७ पुरुषांच्या पाहणीत असे आढळले की, हा विषाणू बाळगणाऱ्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशेपटींहून अधिक असतो. जन्मतःच बाधा झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बालकांत तो कायम ठाण मांडतो. तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना लस देण्यास आरंभ केला आणि पुढे तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग कमी झाला.

आपल्या देशातही ही लस सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत व पुढील मात्रा ६, १० आणि १४ आठवड्यांनी द्यावयाची असते. पालकांनी यात हयगय करू नये. आणि विद्यार्थ्यांनो, जग मानत नाही म्हणून खरे काम सोडू नका, हाच राउस यांच्या जीवनाचा धडा होय.