कांच घासणारा योसेफ

घोडेगांवाच्या बाजूस गिरवलीच्या डोंगरावर एक घुमट आहे. आंबेगांव तालुक्यांतील आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं तो येतां जातां पाहिला असेल. पुण्याच्या आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण त्या घुमटांत इ. स. २००६ पासून आहे. आरशानें गोळा केलेला ताऱ्याचा प्रकाश तेथें एका यंत्रांत सोडतां येतो, आणि त्या यंत्रांत लोलकाशीं जोडलेली, अति सूक्ष्म रेघांची एक कांच असते. त्या रेघांतून गेलेला प्रकाश रंगारंगांत पसरतो, आणि तारा कोणत्या द्रव्यांचा बनला आहे, तो आपल्याकडे येत आहे कीं दूर जात आहे, हें त्या रंगपटावरून वाचतां येतें. अशा रेघाळलेल्या कांचेस जालक म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत तिचें नांव ग्रेटिंग. जुन्नर तालुक्यांत खोडदच्या परिसरांत ज्या प्रचंड थाळ्या उभ्या आहेत त्या रेडिओ-लहरींसाठीं आहेत. त्यांची कथा निराळी, ती येथें सांगत नाहीं. ज्या पुरुषानें जालकाला शास्त्राच्या कामीं लाविलें त्याचें चरित्र आम्हांला आज सांगावयाचें आहे. त्याचें नांव योसेफ फ्राउनहोफर. तो पंडित नव्हता. कांच घासणारा कारागीर होता.

इ. स. १७८७ च्या मार्च महिन्याच्या ६ तारखेस बव्हेरिया देशांतील स्ट्राउबिंग या गांवीं त्याचा जन्म झाला. बाप कांचकामाचा धंदा करी. योसेफ हें त्याचें अकरावें आणि शेवटचें अपत्य. मुलगा दहा वर्षांचा असतां आई वारली, आणि पुढल्याच वर्षीं बापही गेला. पालकांनीं त्याला प्रथम एका कातारीच्या हाताखालीं दिलें. पण त्या कामास लागणारी ताकद त्या कृश पोराच्या अंगीं नव्हती. मग १७९९ सालीं म्युनिक शहरांतील वाइक्सेलबेर्गर नांवाच्या आरसे करणाऱ्याकडे सहा वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून ठेवून दिलें. वेतन कांहीं नाहीं. उमेदवार मुलांसाठीं त्या शहरांत सुटीच्या दिवशीं एक शाळा भरत असे. तेथें जाण्यास धनी परवानगी देईना. वाचण्याची हौस असलेल्या मुलाला शाळेचें दार दिसावें पण आंत जातां येऊं नये, ही शिक्षा किती कडू असते हें ज्यांनीं भोगलें आहे अशीं कुटुंबें आमच्या या डोंगराळ तालुक्यांत आजही आहेत.

२१ जुलै १८०१ रोजीं धन्याचें घर कोसळलें. धन्याची बायको ढिगाऱ्याखालीं मरण पावली. योसेफही गाडला गेला. परंतु तुळया त्याच्यावर अशा आडव्या पडल्या कीं श्वास घेण्यापुरती पोकळी राहिली. कित्येक तासांच्या खटपटीनंतर लोकांनीं त्याला जिवंत बाहेर काढलें. पवित्र शास्त्रांतील योसेफ खड्ड्यांतून वर आला आणि पुढें राजद्वारीं पोंचला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. या योसेफाला राजद्वार फार दूर नव्हतें, कारण त्या राज्याचा अधिपति मॅक्सिमिलियन स्वतः तेथें येऊन उभा होता. त्यानें मुलाला १८ डुकाट, म्हणजे सोन्याचीं नाणीं, दिलीं. तेथेंच उट्झश्नायडर नांवाचा एक उद्योगी गृहस्थ होता. त्यानें मुलाला गणिताचीं व प्रकाशशास्त्राचीं पुस्तकें मिळवून दिलीं.

चौदा वर्षांच्या पोराच्या हातीं एवढें सोनें आलें तर तो काय करील? योसेफानें कांच घासण्याचें एक यंत्र घेतलें, आणि उरलेल्या रकमेंतून धन्याशीं झालेल्या कराराचे अखेरचे महिने विकत घेऊन तो मोकळा झाला. मग नांवाच्या पत्रिका कोरून विकण्याचा धंदा त्यानें करून पाहिला. तो युद्धाचा काळ. धंदा बुडाला, आणि त्याला पुन्हां त्याच धन्याच्या दारीं मजुरीला जावें लागलें. चरित्रकार या भागावरून लवकर पुढें जातात. आम्हांला मात्र वाटतें कीं राजाचें दान मिळूनही माणूस दोनदां पडूं शकतो, हें मुलांना कळलेलें बरें.

१८०६ सालीं उट्झश्नायडरनें त्याला आपल्या यंत्रशाळेंत घेतलें. पुढील वर्षीं त्याची रवानगी बेनेडिक्टबॉयर्न येथें झाली. तेथील जुना मठ सरकारानें मोडला होता. उट्झश्नायडरनें ती वास्तु विकत घेऊन तींत कांचेची भट्टी घातली होती. भट्टीवर गिनां नांवाचा स्विस कारागीर असे. रसरशीत कांच मातीच्या दांडीनें ढवळली तर ती एकजीव होते, ही युक्ति त्याची. दुर्बिणीच्या भिंगाला निर्मळ कांच लागते. आंत एक शीर राहिली तरी तारा फाटका दिसतो. फ्राउनहोफरनें भट्टीची विद्या गिनांपासून घेतली, तींत स्वतःचें गणित घातलें, आणि १८११ सालीं भट्टीची व्यवस्थाही त्याच्याकडे आली. तेव्हां तो चोवीस वर्षांचा होता.

आतां त्याच्यापुढें जी अडचण उभी राहिली तिच्यांतूनच पुढचें सर्व निघालें. चांगल्या दुर्बिणीचें भिंग दोन जातींच्या कांचा जोडून करतात, म्हणजे एकीचा रंगदोष दुसरी मारते. त्यासाठीं प्रत्येक कांच प्रत्येक रंगाला किती वळविते हें अचूक मोजावें लागतें. पण रंगाला कांठ कोठें असतो? तांबडा कोठें संपला आणि नारिंगी कोठें लागला हें दोन माणसें सारखें सांगणार नाहींत. मोजपट्टी लावावी तर ती कोठें लावावी? अशी खूण शोधतांना १८१४ च्या सुमारास त्यानें अंधाऱ्या खोलींत एका अरुंद फटीतून सूर्यप्रकाश घेतला, तो लोलकावर सोडला, आणि वर्णपट नुसत्या डोळ्यानें न पाहतां लहान दुर्बिणींतून पाहिला. वर्णपटांत काळ्या उभ्या रेघाच रेघा दिसल्या. इंग्लंडांत वुलस्टनला १८०२ सालीं अशा थोड्या रेघा दिसल्या होत्या, पण त्यानें तो विषय तेथेंच सोडला. फ्राउनहोफरनें ५७४ रेघा मोजून नकाशा काढला आणि ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशीं अक्षरें दिलीं. तींच अक्षरें आजही चालतात. शुक्राच्या प्रकाशांत त्याच रेघा दिसल्या. व्याधाच्या ताऱ्याच्या प्रकाशांत निराळ्या दिसल्या. रेघा कशामुळें पडतात हें त्याला सांगतां येईना. त्याला मात्र मोजपट्टीची खूण मिळाली होती, आणि तेवढ्यावर त्यानें भिंगें अशीं केलीं कीं युरोपांत त्यांना तोड राहिली नाहीं.

येथेंच दुसरा कारागीर थांबला असता. परंतु लोलकाचा एक दोष फ्राउनहोफरच्या डोळ्यांत सलत होता. लोलक रंग पसरवितो खरा, पण किती पसरवावा हें त्या कांचेच्या जातीवर अवलंबून; एका कांचेचें माप दुसरीला लागूं पडत नाहीं. रंगाचें स्वतःचें माप हवें होतें. तें त्याला बारीक फटींच्या रांगेंत सांपडलें.

हा चमत्कार पाहण्यास भारी यंत्र लागत नाहीं. आम्ही वर्गांत कबुतराच्या पिसांतून दूरच्या दिव्याकडे पाहण्यास सांगतों, आणि मुलें दिव्याच्या दोन्ही बाजूंस रंगीत ठिपके पाहून ओरडतात. (सूर्याकडे असें कधींही पाहूं नये, डोळे जातील.) स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीनें १६७३ सालीं पक्ष्याच्या पिसाचा हाच प्रकार नमूद केला होता. अमेरिकेंत रिटनहाउस नांवाच्या घड्याळजीनें १७८५ च्या सुमारास बारीक मळसूत्राच्या आट्यांत केस ताणून जाळी केली होती. ती कोणाच्या फारशी लक्षांत राहिली नाहीं.

जाळी काय करते तें सांगतों. विहिरींत दोन खडे एकदम टाकले तर दोन्हींच्या लाटा एकमेकींत शिरतात. जेथें उंचवट्यावर उंचवटा येतो तेथें पाणी अधिक उसळतें. जेथें उंचवट्यावर खळगा येतो तेथें पाणी निवांत राहतें. प्रकाशही लहरींचा आहे. जाळीच्या प्रत्येक फटीतून लहर निघते. एका विशिष्ट कोनांत शेजारच्या फटींतून निघालेल्या लहरींच्या वाटांत नेमकें एका तरंगलांबीचें अंतर पडतें. त्या कोनांत सर्व लहरी एकमेकींस साहाय्य करतात आणि तेथें प्रकाश उमटतो. इतर कोनांत त्या एकमेकींस मारतात. तांबड्याची लहर लांब, म्हणून तो अधिक कोनांत जातो; जांभळ्याची आंखूड, तो कमी. लोलकांत याच्या उलट होतें. फटींचें अंतर आणि कोन हीं दोन मोजलीं कीं त्रिकोणमितीच्या एका ओळीनें लहरीची लांबी हातीं येते. येथें कांचेची जात आड येत नाहीं.

१८२१ सालीं फ्राउनहोफरनें दोन बारीक मळसूत्रांच्या आट्यांत २६० तारा समांतर ताणून पहिलें जालक केलें. तारांपेक्षां बारीक कांहीं हवें म्हणून कांचेवर सोन्याचा वर्ख लावून त्यावर रेघा ओढल्या. शेवटीं त्यानें यंत्राला हिऱ्याची कणी बसविली आणि थेट कांचेवर रेघा कोरल्या; त्यांत एका मिलिमीटरांत सुमारें ३०० रेघा बसत. अशा जालकावर पिवळ्या रंगांतील डी रेघ सुमारें १० अंश वळते. त्यावरून त्यानें तिची जी तरंगलांबी काढली ती आजच्या ०·०००५८९ मिलिमीटर या मापाच्या अगदीं जवळची आहे. त्या काळीं विजेचें यंत्र नव्हतें, छायाचित्र नव्हतें. सर्व भिस्त मळसूत्राच्या आट्यांवर आणि मनुष्याच्या हातावर. रेघांतील अंतर थोडें जरी चुकलें तरी वर्णपट बिघडतो. कणीनें कोरलेल्या खोबणीचा आकार बदलला तर उजव्या व डाव्या बाजूंचे वर्णपट सारखे तेजस्वी राहत नाहींत, हेंही त्यानें टिपून ठेविलें. आजचे जालक करणारे मुद्दाम तिरकी खोबण कोरून बहुतेक प्रकाश हव्या त्या बाजूस वळवितात; त्या कलेचें मूळ या टिपणांत आहे. संगीताच्या सीडी नांवाच्या चकचकीत तबकडीवर जे रंग खेळतात तेही जालकाचेच. तिच्या वळशांतील अंतर ०·००१६ मिलिमीटर असतें.

म्युनिकच्या विद्वत्परिषदेनें त्याचा निबंध १८१७ सालीं छापला, आणि त्याच वर्षीं त्याला बाहेरून पत्रव्यवहार करणारा सभासद नेमलें. वरची जागा देण्याची गोष्ट निघाली तेव्हां कित्येक सभासदांनीं हरकत घेतली. हा मनुष्य विद्यापीठांत गेलेला नाहीं. कारागिराला विद्वानांच्या पंक्तीस कसें बसवावें, असा त्यांचा आक्षेप होता. १८२१ सालीं त्याला बढती मिळाली, पण तीही पूर्ण सभासदत्वाची नव्हे. आम्ही स्वतः पदवीधर आहों आणि पदवीचा अनादर शिकवीत नाहीं. तथापि ज्या मुलाला सुटीच्या दिवसाची शाळाही मिळूं दिली नाहीं त्याला पुढें शाळा न केल्याचाच दोष लावावा, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें. परिषदेच्या भौतिक यंत्रसंग्रहाची व्यवस्था मात्र १८२३ मध्यें त्याच्याकडे आली, आणि १८२४ सालीं राजानें त्याला सरदारकी दिली.

त्याच वर्षीं त्याची सर्वांत नामांकित दुर्बीण डोर्पाट येथील वेधशाळेंत उभी राहिली. भिंगाचा व्यास सुमारें २४ सेंटिमीटर. घड्याळाच्या यंत्रानें ती ताऱ्यामागोमाग आपोआप फिरे. तिच्यावर स्ट्रूव्हनें ३,११२ जोडताऱ्यांची यादी केली.

एक गोष्ट मनाला लागते. १८२४ मध्यें इंग्लंडचा जॉन हर्शेल त्याच्या भेटीस आला. फ्राउनहोफरनें त्याला आपले प्रयोग दाखविले. कांच मात्र कशी करतात हें दाखविलें नाहीं. तें कारखान्याचें गुपित होतें. इंग्लंडांत फॅरडेसारख्या शास्त्रज्ञानें पुढें कित्येक वर्षें निर्मळ कांचेसाठीं भट्टीपुढें घालविलीं, पण बव्हेरियाच्या कांचेची बरोबरी झाली नाहीं. व्यापाऱ्याच्या भाकरीवर जगणाऱ्या माणसानें धन्याचें गुपित राखलें, याचा आम्ही त्याला दोष देत नाहीं. पण तरंगलांबीचें व जालकाचें सर्व ज्ञान त्यानें छापून जगापुढें ठेविलें, आणि त्यावर पुढें अमेरिकेंत रोलंडनें १८८० नंतरच्या वर्षांत रेघा कोरण्याचीं फार अचूक यंत्रें उभारलीं, हाही फरक नजरेआड करतां येत नाहीं.

शिशाच्या कांचेची भट्टी आणि मुळांतच नाजूक छाती. क्षयानें तो ७ जून १८२६ रोजीं, एकोणचाळिसाव्या वर्षीं, वारला. त्यानें लग्न केलें नव्हतें. त्याच यंत्रशाळेचा संस्थापक रायखेनबाख थोडेच दिवस आधीं वारला होता; त्याच्या शेजारीं म्युनिकच्या स्मशानभूमींत योसेफाला पुरलें.

काळ्या रेघांचा अर्थ त्याला कळलाच नाहीं. तो १८५९ सालीं किर्खहोफला उमगला: मिठांतील सोडियम जळतांना जी पिवळी जोडरेघ देतो, त्याच जागीं सूर्याच्या वर्णपटांत डी ही काळी जोडरेघ आहे, म्हणजे सूर्याभोंवतीं सोडियमची वाफ आहे आणि ती तेवढाच प्रकाश गिळते. दिव्याच्या ज्योतींतील पिवळी रेघ आणि डी एकाच जागीं येतात, हें फ्राउनहोफरनें पाहिलेलें होतें. तो त्या दारापर्यंत पोंचला होता.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं गुंटूर येथें जान्सेन या फ्रेंच ज्योतिष्यानें सूर्यावरील ज्वाळांच्या तेजस्वी रेघा पाहिल्या. त्याच वर्षीं या ज्वाळांच्या प्रकाशांत डी च्या शेजारीं, पण तिच्याहून निराळी, एक पिवळी रेघ आढळली, आणि तिच्यावरून हेलियम वायूचें नांव पडलें. पुण्यास सायन्स कॉलेजांत भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून १८८८ सालीं वेधशाळा उघडली होती. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला सोलापूरकडील जेऊर येथें वर्णपट टिपण्याचीं यंत्रें घेऊन गेले. त्यांची वेधशाळा १९१२ सालीं बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली.