विश्लेषण : कार्टूनपटाचा ‘मूड’ नेमका ठरतो कधी? मेरी ब्लेअर यांच्या रंगांची गोष्ट

ॲनिमेशनपटात पात्र तोंड उघडण्याआधीच पुढे काहीतरी वाईट घडणार, हे आपल्याला कळतं. ही करामत बरेचदा रंगांची असते. डिस्नेच्या चित्रकार मेरी ब्लेअर यांनी ती कागदावर साधली होती, तीही संगणक नसताना.

कोण होत्या मेरी ब्लेअर?
जन्म १९११चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला. १९४०मध्ये त्या डिस्ने स्टुडिओत दाखल झाल्या. १९४१मध्ये स्टुडिओच्या पथकासोबत त्या दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेल्या आणि त्यांची शैलीच पालटली. मवाळ जलरंगांच्या जागी सपाट आकार आणि ठसठशीत रंग आले.

मूड कसा तयार व्हायचा?
दृश्य कसं दिसावं, कसं वाटावं हे सांगणारी संकल्पनाचित्रं त्या काढत. ‘सिंड्रेला’ (१९५०), ‘ॲलिस इन वंडरलँड’ (१९५१) आणि ‘पीटर पॅन’ (१९५३) या तिन्हींच्या श्रेयनामावलीत रंग आणि शैलीसाठी त्यांचं नाव आहे. त्यांची एक आवडती पद्धत म्हणजे चौकटभर अंधार आणि त्यात एकच उजळ, छोटी आकृती. भल्यामोठ्या जंगलात एवढीशी ॲलिस दिसली, की चेहरा न दिसताही तिचं एकटेपण जाणवतं.

अडचण कुठे आली?
कागदावरचं चित्र पडद्यावर आणताना. डिस्नेची पात्रं गोलाईदार, वजन जाणवणारी असत. त्यामुळे ब्लेअर यांचे रंग पडद्यावर पोहोचले. सपाट आकार मात्र बरेचदा वाटेतच हरवले. १९५३मध्ये त्यांनी स्टुडिओ सोडला. पुढे न्यूयॉर्कच्या १९६४च्या जागतिक मेळ्यातील ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या बोटीच्या सफरीसाठी वॉल्ट डिस्ने यांनी त्यांना पुन्हा बोलावलं. तिथे त्यांचे आकार कागदावर होते जवळपास तसेच उभे राहिले. १९७८मध्ये त्यांचं निधन झालं.

आज याचा संबंध काय?
संगणकावर बनणाऱ्या चित्रपटांसाठीही आधी ‘कलर स्क्रिप्ट’ तयार होते. म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या प्रसंगांची छोटी रंगचित्रं ओळीने मांडायची. कुठे रंग थंड पडणार, कुठे उजळणार, हे त्यातून एका नजरेत कळतं. सॉफ्टवेअर सावली आणि प्रकाशाचं गणित करतं. प्रसंग उदास हवा की उबदार, हे आजही माणूसच ठरवतो.

स्वतः तपासायचंय? मोबाइलवर एखाद्या ॲनिमेशनपटाचा आवाज बंद करून दोन मिनिटं पाहा. तरीही मनात भीती किंवा आनंद उमटला, तर रंगांनी त्यांचं काम चोख केलंय.