भामिनीची ती रात्र

आपल्या बॅचमध्ये नाट्यगीतं गाणारे बरेच होते, म्हणून स्मरणिकेसाठी बालगंधर्वांविषयी लिहिते. मी सॉफ्टवेअरवाली, सुरांतलं मला फारसं कळत नाही. मला ओढ आहे ती २२ वर्षांच्या नारायण श्रीपाद राजहंसांची.

जन्म १८८८चा. कानाने अधू, म्हणून शाहू महाराजांनी उपचारासाठी मिरजेला पाठवलं. तिथेच १९०५मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीशी गाठ पडली आणि पहिली भूमिका मिळाली ती शकुंतलेची. भाऊराव कोल्हटकर गेल्यापासून कंपनीला असा गळा हवाच होता.

१२ मार्च १९११. मुंबईत खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. नेमकी त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग रद्द करायला मंडळी तयार होती, पण ते रंगून उभे राहिले. भूमिका तरी कसली? भामिनी! श्रीमंतीच्या तोऱ्यात गरीब धैर्यधराला झिडकारणारी, मग वनमाला बनून त्याच्याच प्रेमात पडणारी. शकुंतला असती तर अश्रू तरी खपून गेले असते.

हा प्रसंग नेहमी निष्ठेचा म्हणून सांगतात. मला मात्र त्यांच्या पत्नीची ती रात्र कशी गेली असेल, हे आधी सुचतं. रिलीज असो वा काही, घरून तसा फोन आला तर उठून जायचं, असं मी टीमला बजावून ठेवलंय. तरी त्या मुलाला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

नाटक तुफान चाललं. १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९२१मध्ये संयुक्त मानापमानात केशवराव भोसल्यांच्या धैर्यधरासमोर पुन्हा हीच भामिनी उभी होती.