उष्णता उपसणारा माणूस

पौषातल्या पहाटे माकणीच्या शिवारात विहिरीवर हातपाय धुवायला जावे, तर पाणी कोमट लागते. वैशाखात तेच पाणी गार! विहीर काही ऋतू पाहून स्वभाव बदलत नाही. बदलते ती वरची हवा. खोलवरची जमीन बारा महिने जवळजवळ एकाच तापमानाला असते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरणाकाठच्या या गावी आबालवृद्धांना ठाऊक असलेली ही गोष्ट एका माणसाने दूर स्कॉटलंडमध्ये गणिताने उलगडली. शिवाय उष्णता पाण्यासारखी उपसता येईल, असेही त्यानेच मांडले. त्याचे नाव विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्विन.

त्याचा जन्म २६ जून १८२४ चा, बेलफास्टचा. सहाव्या वर्षी आई गेली. वडील गणिताचे प्राध्यापक. त्यांनीच मुलांना घरी शिकवले. ग्लासगो विद्यापीठात नाव दाखल झाले तेव्हा विल्यम अवघा दहा वर्षांचा होता! पुढे केंब्रिज आणि पॅरिस करून तो बाविसाव्या वर्षी ग्लासगोलाच प्राध्यापक झाला आणि त्या पदावर ५३ वर्षे राहिला. १८४८ मध्ये त्याने तापमानाची जी निरपेक्ष मोजपट्टी सुचवली, ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

१८५२ च्या सप्टेंबरात त्याचे मार्गारेट क्रमशी लग्न झाले. लग्नानंतर लगेच ती आजारी पडली आणि अखेरपर्यंत, म्हणजे १८७० पर्यंत, सावरली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात थॉमसनने इमारती उबदार किंवा थंड करण्याविषयीचा एक निबंध वाचला. पाणी आपोआप उताराकडे वाहते, पण पंप लावला की वर चढते. उष्णताही आपोआप गरमाकडून गाराकडेच जाते. मात्र यंत्राचा जोर लावला तर तिलाही उलट चढवता येईल, हे त्याचे म्हणणे. सिलिंडरात हवा प्रसरण पावू द्यायची, म्हणजे ती गार होऊन बाहेरची उष्णता शोषेल. मग ती दाबायची, म्हणजे तापेल आणि खोलीत सोडता येईल. नुसता कोळसा जाळण्यापेक्षा यात इंधन कितीतरी कमी लागते. आपल्या घरातला फ्रीज हेच करतो. त्याच्या मागे हात धरून पाहा, आतली उष्णता बाहेर टाकलेली जाणवेल!

पण कोळसा मुबलक असलेल्या त्या काळात ही युक्ती घराघरांत पोचली नाही. थॉमसन दुसऱ्या कामांत गुंतला. १८६० च्या सुमारास त्याने एडिंबरोच्या जमिनीत पुरलेल्या तापमापकांच्या अठरा वर्षांच्या नोंदी तपासल्या. सुमारे पंचवीस फुटांवर वर्षभराचा चढउतार अगदी क्षीण होतो, आणि उन्हाळ्याची ऊब तिथे पोचेपर्यंत वर थंडी पडलेली असते, हे त्यांतून स्पष्ट दिसत होते. त्याच हिवाळ्यात बर्फावर पडून त्याचा पाय मोडला. तो जन्मभर लंगडत चालला.

पृथ्वीच्या उष्णतेवरूनच १८६२ मध्ये त्याने तिचे वय २ ते ४० कोटी वर्षे काढले, आणि म्हातारपणी तर ते २ कोटींच्या जवळ आणून ठेवले. आज ते सुमारे ४५० कोटी मानले जाते. भूगर्भातल्या हालचाली आणि किरणोत्सर्ग त्याच्या हिशोबात नव्हते. भूशास्त्रज्ञ परोपरीने सांगत होते, पण हा मोठा माणूस हट्ट सोडीना. अटलांटिक समुद्रातल्या तारेच्या यशाने १८६६ मध्ये तो सर झाला, १८९२ मध्ये लॉर्ड. १७ डिसेंबर १९०७ रोजी तो वारला आणि न्यूटनशेजारी विसावला.

जमिनीची स्थिर ऊब आणि उष्णतेचा पंप, दोन्ही किल्ल्या त्याच्या हाती होत्या. त्या एका कुलुपाला लावण्याची कल्पना पुढे १९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइनरिख झोली यांनी मांडली. आज स्वीडनमध्ये लाखो घरे अशी उबदार राहतात. जमिनीत नळ्या पुरून त्यांतून पाणी फिरवतात आणि पंपाने ऊब घरात आणतात. विजेच्या एका भागामागे उष्णतेचे तीन-चार भाग हाती लागतात.

माकणीला घर तापवण्याची गरज नाही. इथली चिंता मे महिन्याची! पण केल्विनच्या त्या निबंधाच्या शीर्षकात गारव्याचाही उल्लेख होता. यंत्र उलटे फिरवले की घरातली उष्णता जमिनीत सोडता येते. बाहेर पारा चाळिशीपार असताना खालची जमीन त्याहून बरीच थंड असते, हे इथल्या विहिरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत.