फैजपुरात मैला वाहणारे साने गुरुजी

यावल : साने गुरुजी म्हटलं की 'श्यामची आई' आठवते आणि डोळ्यांत पाणी येतं. पण याच गुरुजींनी आपल्या तालुक्यात, फैजपुरात, मैला वाहिला होता. हे आज किती जणांना माहीत आहे?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, कोकणातल्या पालगडचा. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर म्हणून आले आणि खान्देशचेच झाले. छात्रालय त्यांच्याकडे होतं. पोरांनी पसारा केला तर रागवायचे नाहीत. स्वतः खोली झाडायचे, अंथरुणं घडी करायचे, कपडेसुद्धा धुवायचे. मग पोरंच लाजायची. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळे, नाशिकचे तुरुंग झाले.

डिसेंबर १९३६. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते फैजपुरात. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वतः गांधीजी हजर. बांबूचं टिळकनगर उभं राहिलं, सजावट नंदलाल बोस यांची. त्याचं कौतुक आजही होतं. पण हजारो माणसं उतरली की प्यायला पाणी लागतं, अन् सकाळी बसायला जागाही लागते. उघड्यावरची घाण माश्यांच्या पायांनी ताटात येते, पावसाबरोबर विहिरीत उतरते, मग पटकीची साथ. गांधीजींचा आग्रह होता, मैल्यावर लगेच माती पडली पाहिजे. चर खणायचा, वरून माती लोटायची. माश्या बसत नाहीत, वास येत नाही, अन् पुढं त्याचंच सोनखत होतं.

रीत सोपी, पण करणार कोण? हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्याच माथी मारलेलं. (ते आजही पुरतं सुटलंय असं नाही.) गुरुजी एम.ए. झालेले, जातीनं ब्राह्मण, वय ३७. त्यांनी अधिवेशनात मैला वाहिला, ग्रामसफाई केली. त्या काळात घरच्यांनी, नात्यातल्यांनी तोंड फिरवावं असं हे काम होतं.

पुढं देवळं सगळ्यांना खुली व्हावीत म्हणून ते महाराष्ट्रभर फिरले. १ मे १९४७ला पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांना विठ्ठल मंदिरात प्रवेश देण्याचं ठरलं, तेव्हाच ते उठले. ११ जून १९५०ला गुरुजी गेले. वय अवघं ५०.